बारमाही शे, ताई!

बागकामाच्या पुस्तकांत ‘सदाहरित फुलवेली’ नावाचं एक प्रकरण हमखास असतं. ते लिहिणारा माणूस मे महिन्यात धुळ्याला आलेला नसतो. आला असता तर त्याने एक तर ते प्रकरण गाळलं असतं, नाही तर दुपारच्याच गाडीने परत गेला असता.

पुस्तकाच्या मते काम सोपं आहे. पानं बारा महिने हिरवी हवीत, फुलं भरपूर यावीत, वेल जाफरीवर नीट चढावी आणि तिला ‘मध्यम’ पाणी द्यावं. हे ‘मध्यम’ म्हणजे किती, ते पुस्तक सांगत नाही. धुळ्यातल्या आमच्या देवपुरात नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवलेला असतो, चतुर्थीच्या शेजारी. त्या दिवशी टाकी, हौद, ड्रम, बादल्या, पातेली आणि लग्नात आलेले, एरवी कधी न वापरलेले स्टीलचे डबेसुद्धा भरून घेतात. या रांगेत वेलीचा नंबर कूलरच्या मागे लागतो, आणि कूलरचं पोट मे महिन्यात कधीच भरत नाही.

हवेचंही तेच. पारा 42 वर पोचला की आम्ही ‘ऊन सुरू झालं’ म्हणतो, 45 वर गेला की ‘यंदा जरा जास्त आहे’. डिसेंबर-जानेवारीत हेच गाव राज्यातल्या सगळ्यात थंड गावांच्या यादीत जाऊन बसतं. कृषी महाविद्यालयातल्या नोंदीचा आकडा 5-6 अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात झळकतो आणि आम्ही कानटोपी घालून तो एकमेकांना अभिमानाने वाचून दाखवतो. पाऊस वर्षाला साधारण 500-600 मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. राहिलेले आठ महिने आभाळ फक्त बघायला असतं. थोडक्यात, आमच्या जाफरीवर चढू पाहणाऱ्या उमेदवाराला राजस्थान, महाबळेश्वर आणि दुष्काळ अशा तिन्ही ठिकाणी काम केल्याचा अनुभव हवा.

माझी एक भाची इंग्लंडात असते. तिने फोनवर सल्ला दिला, ‘मावशी, क्लेमॅटिस लाव, नाही तर स्टार जास्मिन. फक्त भिंत दक्षिणेची बघ, म्हणजे वेलीला ऊब मिळेल.’ मी म्हटलं, बाळा, आमच्याकडे भिंत नसली तरी ऊब मिळते. क्लेमॅटिसची एक बहीण आपल्या सह्याद्रीत मोरवेल या नावाने पावसाळा सरताना रानभर पांढरी फुलते. पण ती सह्याद्रीत. तिला धुळ्याला बोलावणं म्हणजे कोकणातल्या सुनेला आखाजीच्या उन्हात उडदाचे पापड वाळवायला गच्चीवर बसवण्यासारखं आहे.

आता मुळात जाफरी कशाला, तर पश्चिमेच्या भिंतीसाठी. धुळ्यात घर घेताना दिशेचा विचार लोक वास्तुशास्त्रासाठी करतात. तो खरं तर झोपेसाठी करायला हवा. पश्चिमेची भिंत दुपारी दोनला तापायला लागते आणि रात्री बारापर्यंत आपली उष्णता खोलीत सोडत राहते. उपाय दोन. एक एसी, ज्याचं बिल पाहून अंग आपोआप गार पडतं. दुसरा म्हणजे भिंतीपुढे पानांचा पडदा. पानं ऊन अडवतात, बाष्प सोडतात, भिंतीला थेट झळ लागू देत नाहीत. यात शास्त्र आहे, शोभा आहे आणि शेजारणीला दाखवण्यासारखं काही तरी आहे.

जाफरी करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याने दोनच गोष्टी विचारल्या. ‘अँगल का पाइप? रेडऑक्साइड की रंग?’ त्याने एक सल्ला मात्र लाखमोलाचा दिला. जाफरी भिंतीला चिकटवू नका, अर्धा-पाऊण फूट अंतर ठेवा, म्हणजे मधून वारा खेळेल आणि पुढेमागे भिंत रंगवायची झाली तर हात जाईल. खांब काळ्या मातीत वरवर पुरू नका हेही त्यानेच सांगितलं. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खांब एका पावसाळ्यात शेजारच्याकडे झुकतो आणि मग शेजारी म्हणतो, तुमची जाफरी आमच्या हद्दीत आली. लोखंडाचं आणखी एक लक्षात ठेवायचं. मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या सळईला कोवळा तणाव गुंडाळायला गेला तर तो सरळ करपतो. म्हणून सळयांना काथ्या नाही तर सुतळी गुंडाळायची. आमच्या समोरचे आप्पा हे पाहून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही जाफरीला गंडे बांधताय का?’

आप्पा गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. मी मराठीची. आमच्या दोघांच्या वादात वेलीला काही जागा मिळेल, असं सुरुवातीला कुणालाच वाटलं नव्हतं.

घरच्या बैठकीत पहिला ठराव आमच्या ह्यांनी मांडला: गिलके. ह्यांच्या दृष्टीने वेलीचे दोनच प्रकार असतात, भाजी देणारी आणि वाया गेलेली. सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून अहिराणीतच निकाल देतात. त्यांनी जाफरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नुसतं फूल? कसाले व माय? गिलकाना येल लाव, भाजी तरी व्हई.’ गिलक्याची भजी हा आमच्या घरचा हळवा विषय आहे. पण गिलके हंगामी. चार महिने मांडव भरतो, मग वाळक्या काड्या आणि त्यात अडकलेले, भांडी घासायच्या लायकीचे जून गिलके. मी ‘सदाहरित’ या शब्दावर अडून बसले.

तर ह्यांनी तोंडली काढली. आणि इथे मी जवळजवळ हरले. कारण तोंडली खरोखरच बहुवर्षायू आहे, पाणी मिळालं तर बहुतेक वर्षभर हिरवी राहते, पांढरी चांदणीसारखी फुलं देते, स्वतःच्या तणावांनी जाफरी धरून स्वतः चढते आणि वर भाजी. पुस्तकाच्या सगळ्या अटी पुऱ्या. मी शेवटचं हत्यार उपसलं. म्हटलं, तोंडलीखाली बसून आजवर कुणी कविता केलेली नाही. आपले बालकवी इथलेच, धरणगावचे. 1890 चा जन्म. त्यांनी ‘फुलराणी’ लिहिली, ‘तोंडलीराणी’ नव्हे. हे चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणाले, ‘त्यांच्या घरी बाजारातून भाजी कोण आणत होतं, ते आधी बघायला हवं.’

या प्रश्नाला मराठी साहित्याच्या इतिहासात उत्तर नाही.

शहराबाहेर पडलं की रस्त्याकडेला हिरव्या जाळीखाली नर्सऱ्या लागतात. तिथला भाऊ मोठा गोड माणूस. त्याच्याकडे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं: ‘बारमाही शे, ताई.’ फुलं? बारमाही. पानं? बारमाही. पाणी कितीसं लागेल? ‘काहीच नै.’ ऊन चालेल? ‘ऊनच पाहिजे तिले.’ आणि सावली? ‘सावलीत तर अजून मस्त.’ मग त्याने मोबाइलवर फुलांचा फोटो दाखवला, जो बघता बघता वर सरकला आणि त्याच्या पुतणीच्या हळदीचा निघाला. ती हळदही, पाहुण्यांकडे बघता, बारमाही असावी.

त्याच्या भाबड्या उत्तरात चूक नाही, चूक आपल्या समजुतीत आहे. सदाहरित झाडाची पानं गळत नाहीत असं नसतं. ती सगळी एकदम गळत नाहीत, एवढंच. पानझडी वेल एका महिन्यात सगळा कचरा करून मोकळी होते आणि अकरा महिने अंगण स्वच्छ. सदाहरित वेल रोज थोडी थोडी पानं टाकते, म्हणजे झाडू रोज, बारा महिने, सणासुदीलासुद्धा. बागेच्या पुस्तकांत रंगीत फोटो असतात. त्यात फुलांखाली वाकून झाडणारी बाई कधी दिसत नाही. सदाहरित असतं ते अंगण झाडणं, वेल नंतर.

आता एकेक उमेदवार. मनीप्लांटचा प्रस्ताव नणंदेचा. तो चोरून आणल्याशिवाय लागत नाही म्हणतात, त्यामुळे तिने आणताना आमच्याकडून एक कप उचलून नेला, हिशेब बरोबर झाला. पण मनीप्लांट फुलत नाही. त्याच्या फुलायच्या यंत्रणेतच जनुकीय बिघाड आहे, असं वनस्पतिशास्त्रज्ञांनी शोधून काढलं आहे. बाल्कनीतून हिरव्या झिरमिळ्या सोडणारी पडदावेलही नावाप्रमाणे पडदाच. फुलं शोधायला चष्मा लागतो. गुळवेल म्हणाल तर 2020 नंतर ती लावायची सोय राहिली नाही. काढ्यासाठी येणारे लोक वेलीबरोबर जाफरीही उकळायला नेतील.

जाई-जुईवर माझा जीव होता. पण जाई-जुई नाजूक, पाणी मागणारी, आणि सासूबाईंच्या मते सापाला आमंत्रण देणारी. मी समजावलं, आई, साप फुलांच्या वासाने येत नाही. उंदीर, बेडूक, पाली असतील तिथे तो येतो. दाट वेलीखाली गारवा असतो, तिथे बेडूक येतात, बेडकांमागे साप. त्या म्हणाल्या, म्हणजे येतो ना? तो काय कारण सांगून येणार आहे का? यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

मधुमालती शहरभर दिसते आणि दिसायला फार देखणी आहे. तिचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. पहिल्या रात्रीचा पांढरा रंग आणि सुगंध लांब सोंडेच्या पतंगांसाठी. नंतरचे रंग दिवसा येणाऱ्या मधमाश्यांसाठी. एकाच घोसात तिन्ही रंग लोंबतात. पण ही बाई एकदा चढली की उतरत नाही. गळलेल्या पानांचे देठ टणक आकड्यांसारखे खोडावर राहतात, त्यांच्या आधाराने ती जाफरी, गॅलरी, केबलची वायर, डिश, वरच्या मजल्यावरच्यांचं वाळत घातलेलं धोतर, सगळं धरत जाते. आमच्या गल्लीत एका घरी मधुमालतीखाली जाफरी आहे, असं जुने लोक सांगतात. आणि थंडी पडली की पानं पिवळी पडून गळायला लागतात, म्हणजे सदाहरितपणाही संशयास्पद.

लसूणवेल ह्यांना पहिल्या फटक्यात आवडली, कारण पान चुरडलं की लसणाचा वास येतो. तिच्या मूळच्या मुलखात, दक्षिण अमेरिकेत, तिची पानं खरंच लसणाऐवजी वापरतात. जांभळ्या फुलांचे घोस वर्षातून एक-दोनदा येतात आणि हळूहळू फिकट होत पांढुरके पडतात. पण ह्यांची नजर फुलांवर नव्हतीच. हे पान हातात घेऊन म्हणाले, ‘मिरच्या भाजल्या की खल घेऊन इथेच बसता येईल.’ खान्देशात लसणाचा वास येणाऱ्या वेलीखाली पाहुणे बसवले तर ते जेवल्याशिवाय उठणार नाहीत, हे ओळखून मी तिला रजा दिली. जानेवारीत भिंतभर केशरी होणारी संक्रांतवेल मात्र आमच्या थंडीवर खूष असते. तिच्याविरुद्ध तक्रार एवढीच की उरलेलं वर्ष ती फुलांचं नाव काढत नाही. सरकारी सुट्टीचे दिवस उलटे मोजल्यासारखं वाटतं.

कृष्णकमळाने खरा गोंधळ घातला. त्या फुलात पाच पुंकेसर म्हणजे पाच पांडव, भोवतीच्या झालरीतले तंतू म्हणजे शंभर कौरव, वरचे तीन कुक्षीवृंत म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असं आपण सांगतो. गंमत म्हणजे ही वेल अमेरिकेतली. तिथे गेलेल्या स्पॅनिश पाद्र्यांनी त्याच फुलात येशूचा छळ पाहिला. त्यांच्या लेखी झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन वृंत म्हणजे तीन खिळे. फूल एक, दोन धर्मांचा कारभार सांभाळतं आणि कुणाकडे तक्रार करत नाही. आप्पांना मी हे उत्साहाने सांगितलं. त्यांनी खिशातून टाचणी काढली, एका फुलाची झालर मोजायला घेतली, मग दुसऱ्याची. ‘मॅडम, कौरव शंभर भरत नाहीत. आणि दोन फुलांत सारखेही नाहीत.’ मी म्हटलं, आप्पा, काही युद्धावर गेले असतील. ते म्हणाले, ‘मग पांडव पाचच कसे राहिले?’ गणिताच्या माणसाला पुराण सांगू नये.

कौरव-पांडवांचा निकाल शेवटी अळ्यांनी लावला. कृष्णकमळाच्या पानांवर एका नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या येतात आणि मनावर घेतलं तर वेलीचा सांगाडा करतात. पुस्तकातलं ‘फुलपाखरांना आकर्षित करणारी वेल’ हे वाक्य वाचताना मला कळलं नव्हतं की फुलपाखरू सहकुटुंब येतं.

आता पाणी. पांझरेच्या काठी कित्येक पिढ्या फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येणार, जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, पाणी पाळीने. पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा सुरुवातीच्या काळात ते खान्देशातही कामाला होते. साक्रीकडच्या दातर्तीजवळ त्यांनी पाण्यासाठी सायफन बांधला. म्हणजे पाण्याचा हिशेब आमच्या मातीतच आहे. आमच्या अंगणात तोच कारभार चालतो. हे पाटकरी. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, पाणी शुद्ध करायच्या यंत्राने नाकारलेलं असं तीन प्रकारचं पाणी तीन बादल्यांत साठवून हे पाळीने सोडतात. त्यातल्या तिसऱ्या बादलीचं पाणी क्षारांनी जड असतं; ते रोज एकाच मुळाशी ओतू नये, मातीवर पांढरी पपडी धरते. जळगाव जवळ असल्यामुळे ठिबकची चर्चाही झाली. एका वेलीला ठिबक बसवायचं म्हटल्यावर ह्यांनी मला केळीच्या बागेचे आकडे ऐकवले. सासूबाई हवालदार. त्या पायरीवर बसून प्रत्येक तांब्यावर शेरा मारतात: ‘आठे पेवाले पानी नै, नि तू येलले पाजस!’

आणि मी जागल्या, म्हणजे राखण. राखण पाण्याची नव्हे, फुलांची. धुळ्यात पहाटे फिरायला जाणारे लोक दोन प्रकारचे: हात हलवत जाणारे आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन जाणारे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना हृदयविकाराची नव्हे, देवाची काळजी असते. त्यांच्या देवांना बाजारातली फुलं चालत नाहीत, दुसऱ्याच्या कुंपणातलीच लागतात. एक आजोबा काठीला आकडा लावून येतात. काठी डॉक्टरांनी सांगितली, आकडा स्वतःचा. गोकर्ण महादेवाला, कृष्णकमळ श्रावणी सोमवारला, जाई देवीला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा तर ‘नाही’ म्हणायची सोयच नसते. कुणी सरळ दार वाजवून ‘कानबाईसाठी फुलं द्या’ म्हणालं तर माझ्या हातूनच ओंजळ भरली जाते. जाफरीवर लावायच्या वेलीसाठी मग एक नवी कसोटी तयार झाली, जी कुठल्याच पुस्तकात नाही. फूल असं हवं, जे कुठल्याही देवाला चालत नाही.

याच सुमारास आप्पांचे एक वास्तुतज्ज्ञ स्नेही येऊन गेले. त्यांचं म्हणणं पडलं की वेल उजवीकडून डावीकडे वळत चढली तर लक्ष्मी बाहेर जाते. तिला हाताने दुसऱ्या दिशेला वळवावं. प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. वळवलेलं टोक पुन्हा आपल्या मूळ दिशेला वळतं, कारण ती दिशा त्या त्या जातीची ठरलेली असते. चार्ल्स डार्विनने 1865 साली चढणाऱ्या वनस्पतींच्या हालचालींवर मोठा निबंध लिहिला, तो आजारपणात घरात बसून. खोलीत हॉप नावाच्या वेलीची कुंडी ठेवून तो तिच्या शेंड्याचे फेरे मोजत बसे. उबदार दिवसात शेंडा साधारण दोन तासांत एक फेरा पुरा करतो, असा त्याचा हिशेब. अंथरुणावरून वेल बघत बसणाऱ्या माणसाला आमच्याकडे ‘काही कामधंदा बघ’ म्हणतात. तिकडे त्याचा ग्रंथ झाला. आप्पांनी हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी खुर्ची, वही आणि घड्याळ घेऊन आमच्या जाफरीसमोर बसले. त्यांच्या घरी त्या दुपारी फार शांतता होती, असं काकूंनी समाधानाने सांगितलं.

या सगळ्या चाळणीतून उरली ती बोगनवेल. तिच्यावर मी आधी नाक मुरडत होते. सुगंध नाही, काटे आहेत, महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेरीच्या शेजारी धूर खात उभी असते, म्हणून ती घराच्या दारात नको, असं वाटायचं. पण जी दुभाजकावर जगते ती देवपुरात का नाही जगणार?

तिची कूळकथाही आपल्याकडच्या सरकारी खात्यात शोभेल अशी आहे. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल 1766 ते 1769 या काळात जगप्रदक्षिणेला निघाला होता. त्याच्या मोहिमेत कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. ब्राझीलमध्ये रिओच्या किनाऱ्यावर 1767 साली ही वेल सापडली आणि कॉमर्सनने तिला साहेबाचं नाव दिलं. बदलीच्या आधी असं करावंच लागतं. पण कॉमर्सनबरोबर त्याचा मदतनीस म्हणून एक ‘पुरुष’ होता, तो खरं तर झान बारे नावाची बाई होती. जहाजावर बायकांना बंदी, म्हणून पुरुषाचा वेश. कॉमर्सनचा पाय दुखरा, त्यामुळे डोंगरदऱ्यांत हिंडून वनस्पती गोळा करण्याचं बरंच काम तिचंच. ही वेलही तिनेच आणली असावी, असं काही अभ्यासक मानतात. समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतात. वनस्पतीला तिचं नाव मिळायला मात्र 2012 साल उजाडलं, आणि ती वनस्पती सोलॅनम वंशातली, म्हणजे वांग्याच्या गोतातली. फ्रान्सला हे कसं वाटलं कुणास ठाऊक. खान्देशात याहून मोठा सन्मान नाही. साहेबाला कागदी फुलं मिळाली, बाईला भरिताचं नातं.

कागदी फुलं हेही खरं फूल नव्हे. रंगीत दिसतात ती सहपत्रं. खरी फुलं त्यांच्या मध्ये बारीक, पांढरट, कुणाच्या लक्षात न येणारी. गुलबक्षीच्या कुळातली ही वेल, पण स्वभाव उलटा. गुलबक्षी संध्याकाळी चार वाजता लाजत उमलते. ही भर दुपारी 44 अंशांत ढणढणते. तिला पाणी जास्त झालं तर पानंच पानं येतात, ताणावर ठेवली की रंग येतो. म्हणजे नळाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारी ही एकच वेल. थोडा ताण पडला तर काही पानं टाकते, लगेच नवी काढते. आणि महत्त्वाचं म्हणजे, तिची फुलं कुठल्याही देवाला वाहत नाहीत. आकड्याच्या काठीवाले आजोबा तिच्यासमोरून मान फिरवून निघून जातात.

दोष आहेत. ती स्वतः चढत नाही. तणाव नाहीत, विळखा नाही. काट्यांनी अडकत, कलंडत पसरते, म्हणून तिला दर हाताला सुतळीने सैलसं बांधावं लागतं. घट्ट बांधलं तर खोड जाड होताना सुतळी रुतते. काटे अंगठ्याच्या मापाचे, आणि वास्तुवाल्या स्नेह्यांच्या मते दारातला काटा म्हणजे घरातलं भांडण. यावर ह्यांचं म्हणणं असं, की भांडणाला आमच्या घरी वेलीची गरज कधी पडली नाही. शेळ्या काट्यांना जुमानत नाहीत. कोवळे शेंडे त्या मिटक्या मारत खातात, त्यामुळे पहिलं वर्षभर खालून जाळी लावायला हवी. आणि कागद! सत्यभामेच्या अंगणातला पारिजातक फुलं टाकायचा रुक्मिणीच्या अंगणात. आमच्या बोगनवेलीचे कागद पश्चिमेच्या वाऱ्यावर थेट काकूंच्या ओट्यावर जातात. रुक्मिणीने कधी झाडू हातात घेऊन कृष्णाकडे तक्रार केल्याचं वाचनात नाही. काकू दर मार्चला करतात.

तेव्हा निकाल असा. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर बोगनवेल, दुसरा विचार करू नका. पूर्वेकडे गच्चीपर्यंत भक्कम आधार असेल आणि वर्षातून दोनदा कात्री चालवायची तयारी असेल, तरच मधुमालती. जाई-जुई कुंडीत, माजघराच्या दाराशी, घरच्या पाण्यावर. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या बाजूला सळईवर तोंडली चढली आहे हे मी नाकारत नाही. भाजी चांगली होते.

लावणी मृगाचे एक-दोन पाऊस होऊन माती भिजल्यावर करा, जाफरी त्याच्या आधी उभी करा. छाटणी मेअखेर, बहर ओसरल्यावर. छाटलेल्या फांद्यांतल्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या वीतभर कापून मातीत खोचल्या की बऱ्याचशा लागतात, फक्त पाणी साचू देऊ नका. जून महिन्यात आमच्याकडे अशा काड्यांचा भारा पडलेला असतो. कुणाला हव्या असतील तर देवपुरात येऊन खुशाल घेऊन जा. हातमोजे आपले आपण आणा, आणि काकूंच्या ओट्यासमोरून जाताना कुठून आणल्या ते सांगू नका.